धवलारणीचा पहिला घोट

वैशाख लागला की गव्हाण फाट्यापासून आत, माझ्या माहेराकडे, सगळा रस्ता पिवळा होतो. बहाव्याने नाही, फ्लेक्सने. नवरा पिवळा, नवरी पिवळी, काळे गॉगल लावलेले नवऱ्याचे मित्र पिवळे, आणि कोपऱ्यातल्या गोल चौकटीतले आजोबा, जे कधीच वारले, तेही पिवळे. संध्याकाळ झाली की ट्रकवरून स्पीकरच्या भिंती उतरतात. लोकांना वाटतं, हा आम्हा आगऱ्यांच्या मजेचा मोसम. असेल. मला मात्र हळदीचे दिवस आले की तळपायाची आग मस्तकात जाते. मागच्या वर्षीपासून जाते आहे आणि अजून विझलेली नाही.

परवा नवीन पनवेलच्या वाइन शॉपमध्ये गेले होते. भर दुपारी. रांगेतले पुरुष असे बाजूला सरकले जणू मी सोवळ्यात आहे. काउंटरवरचा माणूस फार अदबीने म्हणाला, "बोला मॅडम, साहेबांना काय आवडतं?"

"साहेबांना ताक आवडतं," मी म्हटलं. "माझ्यासाठी दाखवा."

खोटं नाही. आमचे हे शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. साधा सोडा प्यायले तरी दोन दिवस पोटाची तक्रार करतात. घरात पिणारी मी. आठवड्यातून एकदा, जेवणाआधी, एवढीशी, खिडकीशी बसून. ह्यांना माहीत आहे, मुलीला माहीत आहे. गावाला माहीत नाही असं माझ्या भावाला वाटतं.

काउंटरवरच्या माणसाने मग सवयीने सर्वांत मोठ्या आकड्याचा डबा पुढे सरकवला. "ही घ्या मॅडम, अठरा वर्षांची, प्रेझेंटला एकदम भारी." ह्या आकड्याने आमच्या लोकांचं डोकं फिरवलं आहे. बंदराला, नव्या शहराला जमिनी गेल्या, त्यांच्या बदल्यात प्लॉट आले, प्लॉटांवर इमारती उभ्या राहिल्या आणि दिवाणखान्यात काचेचं कपाट आलं. कपाटात काय ठेवायचं? आकडे. बारा, पंधरा, अठरा. अरे, आकडा म्हणजे ती लाकडाच्या पिंपात किती वर्षं पडून होती एवढंच. ते पीप कसलं होतं, आधी त्यात काय भरलेलं होतं, धान्य कुठल्या धुरावर वाळवलं, हे कोण विचारणार? सिंगल माल्ट म्हणजे एकाच भट्टीची, नुसत्या मोड आणलेल्या सातूची. दहा ठिकाणचं ओतून ढवळलेली नाही. इतकी सरळ गोष्ट आहे. पण तीसुद्धा ग्लास काठोकाठ बर्फाने भरून वर कोला ओतणाऱ्याला कोण सांगणार आणि कशाला सांगणार?

मी हे कुठे शिकले? ऑफिसात. न्हावा शेव्याला माल सोडवणाऱ्या एका फर्ममध्ये मी उभी हयात काढली. कंटेनर येत, त्यांचे कागद माझ्या टेबलावर येत. त्यातल्या काहींवर स्कॉटलंडमधल्या गावांची नावं असत. उच्चार येत नसत, पण टाइप करून करून ती बोटांना पाठ झाली होती. दिवाळीला मालकांकडून पुरुषांना एकेक बाटली मिळे आणि आम्हा बायकांना काजूकतली. कागद मी करायचे, चुका मी निस्तरायचे, कस्टममध्ये फोनवर बोलणी मी खायचे, आणि मला काजूकतली. एका दिवाळीला आमच्या अकाउंटंटला म्हटलं, "तुम्ही पीत नाही ना? मग अदलाबदल करा." तो इतका खूश झाला की दर वर्षी स्वतःच येऊन विचारू लागला. माझं शिक्षण असं मिठाईवर झालं.

त्या वासांचं मला पहिल्यापासून नवल वाटायचं. एखादीत मध, एखादीत वाळलेली फळं, एखादीत ओल्या दोरखंडाचा वास. करंजाच्या धक्क्यावर बोंबील वाळत घातलेले असताना खाडीवरून वारा आला तर जसं होतं तसं. हे कुणाला बोलून दाखवायची सोय नव्हती. बाईने साडीच्या पोताबद्दल बोलावं, कालवणाच्या आंबटाबद्दल बोलावं. दारूच्या वासाबद्दल बोलली की ती बिघडलेली.

मुलगी नोकरीला ग्लासगोला गेली, तेव्हा तिने विचारलं, "आई, इथं येऊन तुला काय बघायचंय? किल्ले? तळी?" मी म्हटलं, "भट्टी बघायचीय." ती हसली, पण घेऊन गेली. स्पेसाइड नावाच्या भागातल्या दोन बघितल्या, मग बोटीत बसून आयलाच्या बेटावर गेलो. ऑक्टोबर होता. थंडीने माझे दात वाजत होते. नऊवारी नेसणाऱ्या बाईची लेक मी, मुलीच्या जॅकेटात आणि बुटांत अवघडून चालत होते. आत गेलो की उबदार. मोठमोठ्या पिंपांत सातूचं पाणी रटरटत होतं आणि वास थेट आमच्या चुलीवरच्या पेजेचा. पुढे तांब्याचे उंच, फुगीर पोटाचे हंडे. आमच्याकडच्या हातभट्टीवर पोलीस आले की असेच हंडे, ह्याहून लहान, लाथा मारून फोडतात. तिथं त्यांच्यापुढे फोटो काढायला रांग होती.

पण मी थांबले ती धान्य वाळवायच्या खोलीपाशी. खाली दलदलीतली वाळवलेली माती जळत होती आणि तिचा धूर वर पसरलेल्या सातूत शिरत होता. मी दारातच उभी राहिले. तो राबाचा वास होता. आमच्याकडे पावसाआधी भाताच्या रोपासाठी जमीन भाजायचे, शेण, पातेरा, गवत, वर माती, आणि सगळं रात्रभर धुमसत ठेवायचे. त्याला राब म्हणतात. माझं सगळं लहानपण वैशाखात त्या धुराने भरलेलं. केसांना वास, अंथरुणाला वास, लग्नाच्या नव्या साडीलाही वास. आता गव्हाणात राब कोण भाजतो? कुठे भाजणार, पार्किंगमध्ये? हजारो कोसांवर तो वास मला भेटला आणि मला रडूच आलं. मुलगी म्हणाली, "आई, धूर जातोय का डोळ्यांत?" मी म्हटलं, हो.

गोदामात आम्हाला चाखायला दिली. तिथली मुलगी, गमबूट घातलेली, आधी विचारते काय, तर "गाडी कोण चालवणार?" तेवढाच प्रश्न. साहेब कुठे आहेत, साहेबांना काय आवडतं, काही नाही. मी ग्लास हातात घेतला आणि सवयीने बोट बुडवून तीन थेंब जमिनीवर शिंपडले. माझी मुलगी शरमेने लाल. गमबुटवालीला वाटलं ग्लासात चिलट पडलं. मुलीने समजावलं, पितरांचा वाटा आहे. तेव्हा ती म्हणाली की पिंपातून दर वर्षी थोडी उडून जाते, तो वाटा आम्हीही देवदूतांना देतो. मला ती बाई आपल्या आळीतली वाटायला लागली.

त्याच भट्टीच्या दुकानात मी ती बाटली निवडली. भाऊ, सुनील, माझ्याहून लहान, त्याने निघताना बजावलं होतं, "ताय, तू हुशार हायस. माज्या पोरीच्या हलदीची बाटली तूच आन. अशी आन का सगल्यांची तोंडा उघडी रायली पायजेत." मी कुणाच्या तोंडासाठी ती घेतली नाही. नामीबायसाठी घेतली.

नामीबाय आमच्या गावची धवलारीण. आमच्यात लग्नाला भटजी नंतर आला, धवलारीण आधीपासूनची. मांडवाची मेढ रोवण्यापासून नवरीला वाटेला लावेपर्यंत प्रत्येक विधीचा धवला ती गाते, देवांना आणि मेलेल्या माणसांना नावानं हाका मारून मांडवात बोलावते. आणि त्याआधी घरधन्याने तिच्या हातात बंद बाटली द्यायची. तिने बूच काढायचं, मेढीला धार घालायची, मग स्वतः एक घोट घ्यायचा. गावासमोर. त्या घोटाआधी त्या मांडवात कुणी पुरुष ग्लासाला हात लावत नाही. आमदार असो की सरपंच. अख्ख्या गावात उघड्यावर, मानाने, पुरुषांच्या आधी पिणारी एकच बाई, आणि तिला कुणी बेवडी म्हणत नाही.

माझ्या हळदीला तिने घोट घेऊन तोंड पुसलं होतं आणि माझ्या सासरच्या माणसांकडे असं बघितलं होतं, की या आता, कोण कोण आहात बघू. मग कानावर हात ठेवून तिने आवाज लावला. तिचा आवाज गोड नाही. फाटका आहे, आणि स्वभाव त्याहून फाटका. जरा मनाविरुद्ध झालं की उठून चालू लागते. मिसरी लावत बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सुनावते. पण माझा आजा ज्याचं नाव घरातही कुणी घेत नसे, त्याचं नाव तिने त्या मांडवात घेतलं तेव्हा माझा बाप ओक्साबोक्शी रडला होता.

मला एवढंच हवं होतं. राबाच्या वासाची ती दारू, त्या वासात जन्म काढलेल्या बाईच्या हाती पडावी, तिने तिची पहिली धार घालावी आणि पहिला घोट घ्यावा. तिच्यानंतर धवला येणारी गावात कुणी उरलेली नाही. तिचा मान गेला की धवला गेला. बाटली मी साडीत गुंडाळून, विमानातून, लेकरासारखी आणली आणि सुनीलच्या हातात देऊन म्हटलं, "नामीबायच्या हाती बंद दे."

"व्हय व्हय," म्हणाला.

आणि काय केलं? मांडवाशेजारी एसी लावलेला वेगळा हॉल होता, त्यात लाइटवाला काउंटर होता, आणि काउंटरमागे काचेच्या पेटीत माझी बाटली, मूर्ती बसवावी तशी. कुणी मोठे साहेब यायचे होते, ज्यांच्याबरोबर त्याचं इमारतीचं काहीतरी जमत होतं. इकडे अंगणात मेढीपाशी नामीबाय नवं लुगडं नेसून बसली होती. भोवती बायका. तिने हात पुढे केला आणि म्हणाली, "आना."

सुनीलच्या ऑफिसातला एक माणूस प्लॅस्टिकच्या ग्लासात काहीतरी लाल घेऊन आला.

"ये काय हाय?" नामीबायने विचारलं. "बाटली कुटं हाय?"

"पी ना मावशे, सगली एकच हाय," तो म्हणाला.

एकच हाय म्हणे. मी तशीच हॉलमध्ये गेले. हळदीने माखलेले हात, पदर खोचलेला. साहेब आले होते. बाटली फोडलेली होती. साहेबांच्या ग्लासात बर्फ, वर कोला, आणि साहेब नाक आवळून म्हणत होते, "अरे सुनीलशेठ, जळका वास मारतोय हिला. एक्स्पायर झाली का?" आणि माझा भाऊ, ज्याच्या आईने त्याला राबाच्या कडेला टोपलीत झोपवून शेतं भाजली, तो बाटली नाकाशी नेऊन मला विचारतो, "ताय, खराब हाय काय ही?"

मी काय बोलले ते इथं लिहिता येणार नाही. स्पीकर बंद होते तेवढ्यात बोलले, म्हणून सगळ्यांनी ऐकलं. बाटली हिसकावून अंगणात आले. भरपूर उरली होती. नामीबायपुढे धरली. तिने बुचाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"फोडलेली हाय," ती म्हणाली. "उष्टी धार मेढीला कोन घालतं?"

उठली, चपला शोधल्या, गेली. फाटकातून बाहेर पडताना तिने मागे वळून बघितलं नाही. उरलेल्या बायकांत धवला कुणालाच येत नव्हता, नुसती शेवटची ओळ धरता येत होती, आणि पहिली ओळ घेणारी निघून गेलेली. मग डीजेवाल्याने जे लावलं त्यावर माझ्या भाचीला हळद लागली. ती मला सारखी विचारत होती, "आत्या, नामीआजी कुठं गेली?" मी न जेवता पनवेलला आले. त्या रात्री ह्यांनी मला वरणभात लावून दिला.

राग मला साहेबांचा नाही. त्यांना काय ठाऊक? आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? राग मला आमच्या लोकांचा येतो. जमीन गेली तेव्हा मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या. मान गेला तेव्हा एसी लावला. आणि म्हणे आम्ही सुधारलो. पूर्वी एका मांडवात एक बाई उघड पीत होती. आता बायकांसाठी मॉकटेलचा स्टॉल असतो, छत्री लावलेल्या ग्लासात, आणि हॉलमध्ये त्यांच्याच नवऱ्यांच्या नावाने सिंगल माल्ट फुटते. पिऊन पडलेल्यांना उचलून गाडीत घालायला मात्र बायका लागतात. ह्याला पुढारणं म्हणत असतील तर आमची आई मागासच बरी होती.

वर्षभर मी सुनीलशी जेवढ्यास तेवढी बोलले. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. आता मुलाची हळद. सून मुंबईची, तिने इव्हेंटवाली बाई धरलेली, आणि त्या बाईला म्हणे अस्सल आगरी हळद पाहिजे. "ताय, ती बोलते धवलारीन कॉन्सेप्ट ठेवायचा. व्हिडिओमंदी भारी दिसतंय. पन नामीबाय येयाला तयार नाय. मानूस पाठवला, तर त्याच्या अंगावर मिसरी थुकली. तू सांगितलंस तर येल."

कॉन्सेप्ट. ज्या बाईला हाकललं ती आता कॉन्सेप्ट. मला वाटलं फोन खिडकीतून फेकून द्यावा. पण म्हटलं, जाते. तिला यायला सांगायला नाही. वर्षभर तिच्याकडे जायचंच होतं.

म्हणून ते वाइन शॉप. अठराचा डबा मी त्याला परत वर ठेवायला लावला आणि मागच्या फळीवरची, धुराची, तरुण वयाची, बिनडब्याची बाटली घेतली. बंद. रिक्षाने गव्हाणला गेले. नामीबायचं घर रस्त्यालाच, दोन उंच इमारतींच्या मध्ये बसकं, पुढे ओटा. ती ओट्यावर वाल सोलत होती.

"भावानं पाठवली?" तिने विचारलं.

"पाठवली त्यानं. आले मी माझ्यासाठी," मी म्हटलं, आणि बाटली तिच्या हातात दिली. तिने बूच चाचपून बंद असल्याची खात्री केली. मग उंबऱ्यावर धार घातली, कुणाकुणाची नावं पुटपुटली, त्यात माझ्या आईचं होतं. आतून स्टीलचे दोन पेले आणले.

"मी इथं बाहेर?" मी म्हटलं.

"मंग कुटं, न्हानीत?"

तिने घोट घेतला, डोळे मिटले, घसा खाकरला. "धूर हाय," म्हणाली. मी माझा घोट घेतला. माहेरच्या गावात, उन्हात, रस्त्यासमोर, आयुष्यात पहिल्यांदा. स्कूटरवाले वेग कमी करून बघत होते. एक ओळखीचा तर पुढे जाऊन परत आला. मी त्याला हात केला.

बातमीला गव्हाणात वेळ लागत नाही. सुनीलची पांढरी गाडी समोर येऊन थांबली. काच खाली झाली. "ताय, काय चाललंय? आत बसा की निदान."

"का? तू आत बसून पितोस?"

तो उतरला. इकडेतिकडे बघत ओट्यापाशी आला. मला टाळून तिला म्हणाला, "नामीबाय, जाला ते जाला. हलदीला यशील ना? तुजी सगली वेवस्था करतो. येया-जायाला गाडी पाठवतो."

नामीबाय वाल सोलत राहिली. "ही तुजी बहीन. ही तिची बाटली," ती म्हणाली. "मागच्या वक्ताला पन तिचीच व्हती. तू माज्या दाराशी काय घेऊन आलास?"

सुनीलने स्वतःच्या हातांकडे बघितलं. एकात मोबाइल, एकात किल्ली. धवलारणीचं आवतण घरधन्याने स्वतः द्यायचं, नारळ आणि बंद बाटली घेऊन, हे त्याला आमच्या बापाने शिकवलं होतं. आमचा बाप पायी यायचा. सुनील गाडीत बसला आणि गेला. मला वाटलं, गेला तो गेला. नामीबायला तसं वाटलं नाही की काय कोण जाणे, तिने वालाची परात बाजूला सारून पदर नीट केला.

थोड्या वेळाने माझा फोन वाजला. उलव्याच्या वाइन शॉपमधून सुनील बोलत होता. आवाज नरम. "ताय, इथं लय हायत. कनची घेऊ?"

जन्मभर सगळ्यांच्या बाटल्या मी निवडल्या. ऑफिसच्या, भावकीच्या, कुणाच्या साहेबांच्या. ह्या खेपेला मी फोन स्पीकरवर टाकून नामीबायच्या कानाशी धरला.

तिने ऐकून घेतलं. "मना त्यातलं काय कलत नाय," ती म्हणाली. "जी कुनाला द्यावीशी वाटत नाय, ती आन."

पलीकडे दुकानातला गलका ऐकू येत होता. मग सुनील दुकानदाराला म्हणाला, "ही नको. ती ठेवा. नाय, ती मागची काढा."